गाडीची बॅटरी बदलण्याची वेळ कधी येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी मोटारींमधील १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीविषयी आहेत. बॅटरीच्या बाबतीत दोन प्रकारचे नुकसान सर्रास होते. काही जण गाडी पहिल्यांदा बंद पडताच, कसलीही तपासणी न करता, चांगली बॅटरी भंगारात देतात. दुसरे काही जण महिनोन्महिने स्पष्ट लक्षणे दिसत असूनही घाटात किंवा रात्री महामार्गावर अडकेपर्यंत थांबतात. बॅटरीच्या वयावरून तपासणी कधी सुरू करायची हे ठरवावे आणि बदलण्याचा निर्णय मोजमापावर सोपवावा, या भूमिकेतून ही उत्तरे लिहिली आहेत.

बॅटरी साधारणपणे किती वर्षे टिकते?

आपल्याकडील हवामानात तीन ते पाच वर्षे हा व्यवहारात दिसणारा काळ आहे. रोज बऱ्यापैकी अंतर चालणारी, सावलीत उभी राहणारी आणि चार्जिंग व्यवस्थित असलेली गाडी पाच वर्षांच्या पुढेही तीच बॅटरी वापरू शकते, तर वस्तीतल्या वस्तीत दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीची बॅटरी तिसऱ्या वर्षीच थकलेली आढळते. वॉरंटीची मुदत म्हणजे बॅटरीचे आयुष्य नव्हे, कारण वॉरंटी संपल्यानंतरही बॅटरी उत्तम चालू शकते आणि मुदतीच्या आतही ती निकामी होऊ शकते. तीन वर्षे पूर्ण झाली की वर्षातून दोनदा, म्हणजे उन्हाळा संपल्यावर आणि थंडी सुरू होण्यापूर्वी, बॅटरी तपासून घ्यावी, इतकेच वयावरून ठरवता येते.

बॅटरीला उन्हाळा जास्त त्रासदायक की हिवाळा?

नुकसान उन्हाळा करतो आणि ते उघडकीस येते हिवाळ्यात. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल यांच्यातील रासायनिक क्रियेतून वीज मिळते. तापमान वाढले की ही क्रिया जलद होते, पण त्याचबरोबर पट्ट्यांच्या जाळीचे गंजणे, आम्लातील पाणी उडून जाणे आणि उभ्या गाडीत बॅटरी आपोआप उतरणे या क्रियाही जलद होतात. तापमानातील प्रत्येक १० अंश सेल्सिअसच्या वाढीमागे अशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ठोकताळा धरला जातो. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते. विदर्भ आणि मराठवाड्यातील वाहनधारकांनी बॅटरीकडे थोडे आधीपासून लक्ष द्यावे, ते यामुळेच.

थंडीत याच्या उलट घडते. रासायनिक क्रिया मंदावल्यामुळे बॅटरी एका क्षणात देऊ शकणारा प्रवाह घटतो आणि त्याच वेळी इंजिनातील तेल घट्ट झाल्यामुळे इंजीन फिरवायला अधिक जोर लागतो. निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीतील पहाटे पारा एक-आकडी होतो, तेव्हा मे महिन्यातच खिळखिळी झालेली बॅटरी अखेर हार मानते. डिझेल इंजिनात हवेचा दाब पेट्रोल इंजिनापेक्षा बराच जास्त असतो आणि सुरू होण्यापूर्वी आतील हवा गरम करणारे ग्लो प्लग तापवण्यासाठीही वीज खर्च होते, म्हणून डिझेल गाड्यांत ही अडचण आधी जाणवते.

बॅटरी थकत चालल्याची लक्षणे कोणती?

सर्वांत विश्वसनीय लक्षण म्हणजे सेल्फ मारल्यावर इंजीन पूर्वीपेक्षा संथ फिरणे. निरोगी बॅटरीवर इंजीन एका लयीत भराभर फिरून लगेच सुरू होते. बॅटरी कमजोर झाली की पहिल्या एक-दोन फेऱ्या जड, ओढून आणल्यासारख्या होतात. हा बदल हळूहळू होत असल्याने रोज गाडी चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही, परंतु क्वचित गाडी घेणाऱ्या घरातील दुसऱ्या व्यक्तीला तो लगेच जाणवतो, आणि तिने तसे सांगितले तर ते गांभीर्याने घ्यावे.

याखेरीज सेल्फ मारताना डॅशबोर्डवरील दिवे अगदी मंद होणे, घड्याळ किंवा स्टिरिओची सेटिंग पुसली जाणे, इंजीन बंद असताना काचा नेहमीपेक्षा संथ वर जाणे, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी कुरकुरणे पण दिवसभरात नीट सुरू होणे, ही लक्षणेही दिसतात. सिग्नलला इंजीन आपोआप बंद होण्याची सोय (स्टार्ट-स्टॉप) असलेल्या गाड्यांमध्ये ही सोय वरचेवर काम करेनाशी होते, कारण बॅटरी पुरेशी चार्ज नसल्याचे गाडीची यंत्रणा ओळखते. मात्र त्याला एसीचा भार, इंजिनाचे तापमान अशी इतर कारणेही असतात, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

सेल्फ मारल्यावर फक्त टकटक आवाज येतो. बॅटरी गेली असे समजावे का?

लगेच तसे समजू नये. जलद, सलग टकटक होते तेव्हा स्टार्टरला, म्हणजे इंजीन फिरवणाऱ्या मोटरला, पुरेसा प्रवाह मिळत नसतो. याचे कारण उतरलेली बॅटरी असू शकते, तसेच सैल किंवा गंजलेले टर्मिनलही असू शकते. एकच जोराचा ‘टक्’ आवाज होऊन पुढे काहीच घडत नसेल आणि हेडलाइट लख्ख पेटलेले असतील, तर संशय स्टार्टरकडे किंवा त्याच्या जोडण्यांकडे जातो.

म्हणून आधी बॉनेट उघडून टर्मिनल पाहावीत. बॅटरीच्या खांबावर आणि त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी जमलेली असेल, तर ती वीज अडवते. क्लॅम्प हाताने हलवून पाहिल्यावर किंचितही फिरत असेल, तर तो सैल आहे. कधी कधी वरून सारे स्वच्छ दिसते आणि क्लॅम्प काढल्यावर आतल्या बाजूला काळपट थर आढळतो. हे निश्चित करण्याची एक सोपी पद्धत आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या खांबाच्या मध्यावर आणि दुसरी त्याच खांबावरील क्लॅम्पवर धरावी आणि दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारण्यास सांगावे. मीटर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा दाखवत असेल, तर दोष त्या जोडणीत आहे आणि नवी बॅटरी बसवूनही तो तसाच राहील. क्लॅम्प काढून, खाण्याचा सोडा मिसळलेल्या कोमट पाण्याने भुकटी धुवावी, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाणार नाही याची खबरदारी घ्यावी, कोरडे करून क्लॅम्प घट्ट आवळावेत आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा.

घरच्या घरी मल्टिमीटरने बॅटरी कशी तपासावी?

साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २० च्या पट्ट्यावर ठेवून तीन वेगवेगळ्या स्थितींत मोजमाप घ्यावे लागते. यांपैकी एकच मोजमाप घेऊन निर्णय करणे ही अगदी नेहमीची चूक आहे.

पहिले मोजमाप विश्रांतीतील. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी, लाल पिन धन टर्मिनलवर आणि काळी पिन ऋण टर्मिनलवर धरावी. नुकतीच चालवून उभी केलेली गाडी खोटा चढा आकडा दाखवते, म्हणून रात्रभराची विश्रांती महत्त्वाची आहे. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जवळपास पाव उरलेली. आकडा १०.५ च्या आसपास असेल, तर बॅटरी पूर्ण उतरलेली आहे किंवा सहा कप्प्यांपैकी एक कप्पा निकामी झाला आहे. पूर्ण चार्जिंगनंतरही तो तेथेच अडकून राहिला, तर कप्पा गेला असे धरावे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. विश्रांतीतील व्होल्टेजवरून बॅटरी किती भरलेली आहे हे कळते, तिची धारणशक्ती किती उरली आहे हे कळत नाही. गाळाने भरलेली विहीर काठोकाठ दिसते, पण उपसा सुरू करताच तिचा तळ लागतो. जुन्या बॅटरीचेही तसेच असते. दुकानात मीटर लावून ‘१२.६ आहे, बॅटरी चांगली आहे’ असे कोणी सांगितले, तर ती तपासणी अपुरी आहे.

म्हणून दुसरे मोजमाप भाराखालील. मीटर लावलेलाच ठेवून दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगावे आणि इंजीन फिरत असताना आकडा किती खाली जातो ते पाहावे. चांगली बॅटरी सहसा १० व्होल्टच्या वर टिकून राहते. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी साध्या हवामानात ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल, तर ती बदलण्याच्या टप्प्यात आली आहे. ‘पूर्ण चार्ज केलेली’ ही अट महत्त्वाची आहे, कारण अर्धवट उतरलेली चांगली बॅटरीही या कसोटीत नापास होते.

तिसरे मोजमाप इंजीन चालू असतानाचे. यात अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची, परीक्षा होते. बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असतो. हेडलाइट, एसी आणि पंखा चालू केल्यावर तो थोडा उतरतो, पण १३ च्या खाली जाऊन तेथेच राहिला तर बॅटरी भरली जात नाही, आणि १५ च्या वर सतत राहिला तर ती अति चार्ज होऊन आतून भाजली जाते. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणकच अल्टरनेटरचा व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे अशा गाडीत एका क्षणाचा आकडा धरून बसू नये.

दुकानातील लोड टेस्ट खात्रीची असते का?

योग्य रीतीने केली तर घरगुती तपासणीपेक्षा ती निश्चितच अधिक खात्रीची असते. जुन्या पद्धतीच्या टेस्टरमध्ये बॅटरीच्या सीसीए क्षमतेच्या, म्हणजे थंडीत इंजीन फिरवण्यासाठी ती देऊ शकेल त्या प्रवाहाच्या, निम्मा भार १५ सेकंद टाकला जातो आणि त्या अवधीत व्होल्टेज ९.६ च्या वर राहावे लागते. हल्लीचे हातात मावणारे टेस्टर अंतर्गत वाहकतेवरून उरलेली क्षमता सांगतात आणि छापील चिठ्ठीही देतात. अशा यंत्रात बॅटरीचा प्रकार आणि तिच्यावर छापलेला सीसीए आकडा बरोबर भरलेला आहे ना, हे ग्राहकाने स्वतः पाहावे. आकडा चुकीचा भरला तर धडधाकट बॅटरीही खराब ठरते. चिठ्ठीवर ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ अशा अर्थाचा शेरा आला असेल, तर त्याच दिवशी नवी बॅटरी घेण्याची घाई करू नये.

बॅटरीवरील हिरवी खिडकी पाहून निर्णय घेता येईल का?

नाही. ही खिडकी सहा कप्प्यांपैकी फक्त एकाच कप्प्यातील आम्लाची घनता दाखवते. तिचा हिरवा रंग उरलेल्या पाच कप्प्यांबद्दल काहीही सांगत नाही. काळा रंग चार्जिंगची गरज दर्शवतो आणि फिका किंवा पारदर्शक रंग पाणी घटल्याचा इशारा असतो.

गाडी चालू असताना बॅटरीचे लाल चिन्ह पेटले तर काय करावे?

चिन्ह बॅटरीचे असले तरी दोष बहुधा चार्जिंग यंत्रणेत असतो. तुटलेला किंवा घसरणारा बेल्ट, निकामी अल्टरनेटर किंवा सुटलेली वायर ही त्याची प्रमुख कारणे आहेत. अशा वेळी गाडी केवळ बॅटरीत साठलेल्या विजेवर चालत असते. एसी, स्टिरिओ आणि अनावश्यक दिवे बंद करून जवळच्या गॅरेजकडे जावे आणि मध्ये इंजीन बंद करू नये. मात्र इंजिनाचे तापमान चढत असेल किंवा स्टिअरिंग अचानक जड झाले असेल, तर बेल्ट तुटला असण्याची शक्यता धरून सुरक्षित जागी तात्काळ थांबावे, कारण अनेक इंजिनांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही चालतो.

रात्री दिवे चालू राहिले आणि बॅटरी उतरली. ती बदलावीच लागेल का?

बॅटरी दोन-तीन वर्षांच्या आतील असेल आणि एकदाच उतरली असेल, तर बहुतेक वेळा ती सावरते. अट एवढीच की तिला लवकरात लवकर पूर्ण चार्ज मिळाला पाहिजे. उतरलेल्या अवस्थेत पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर असतो. सुरुवातीला तो मऊ असतो आणि चार्जिंगने विरघळतो, पण तसाच दिवसेंदिवस राहिला तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

जम्पर केबलने दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून गाडी सुरू करून वीस मिनिटे फिरवली की काम झाले, ही समजूत मात्र चुकीची आहे. ३५ अँपिअर-तास क्षमतेची पूर्ण उतरलेली बॅटरी साडेतीन ते चार अँपिअरच्या चार्जरवर भरायला दहा तासांहून अधिक वेळ घेते. अल्टरनेटरची रचनाही पूर्ण मेलेली बॅटरी जिवंत करण्यासाठी केलेली नसते, आणि असे वारंवार केल्यास तो तापून खराब होऊ शकतो. बॅटरी काढून दुकानात रात्रभर संथ चार्जिंगला लावावी, नंतर काही तास तशीच ठेवावी आणि मग लोड टेस्ट करावी. या टेस्टमध्ये ती नापास झाली तरच बदलावी.

गाडी फारशी वापरली जात नाही, तरी बॅटरी लवकर का जाते?

न वापरल्यामुळेच ती लवकर जाते. २०२० च्या टाळेबंदीत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या असंख्य गाड्यांनी हा अनुभव दिला. बंद गाडीतही सेंट्रल लॉक, चोरीचा अलार्म आणि संगणकाची स्मृती यांसाठी थोडा प्रवाह सतत वाहत असतो. तो ५० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतो, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत जवळजवळ निम्मी रिकामी होते. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर थेट बॅटरीला जोडलेला असेल, तर हा काळ आणखी कमी होतो. नवी बॅटरी बसवूनही ती दोन-तीन दिवसांत उतरत असेल, तर हा गळतीचा प्रवाह मोजून घ्यावा.

आठवड्यातून एकदा जागेवरच पाच मिनिटे इंजीन चालवून बंद करण्याची पद्धत उपयोगाची नाही. सेल्फ मारताना खर्च झालेली वीज कशीबशी भरून निघते आणि आधीची तूट तशीच राहते. त्याऐवजी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फेरी मारावी. परगावी किंवा परदेशी महिनाभराहून अधिक काळ जायचे असेल, तर पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून ठेवावे. त्याआधी गाडी किल्लीने हाताने उघडता येते का, हे पाहून ठेवावे.

बॅटरीत पाणी केव्हा आणि कोणते टाकावे?

झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत पातळी दोन खुणांच्या मध्ये राहील इतके डिस्टिल्ड वॉटर टाकावे. नळाचे पाणी, बाटलीतील पिण्याचे पाणी किंवा घरच्या फिल्टरचे पाणी टाकू नये, कारण त्यातील क्षार पट्ट्यांची हानी करतात. आम्ल तर कधीच टाकू नये. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, आम्ल आतच राहते. एकाच कप्प्यातील पाणी वारंवार घटत असेल तर त्या कप्प्यात दोष किंवा गळती आहे, आणि सर्व कप्पे सारखेच कोरडे पडत असतील तर जास्त चार्जिंगचा संशय घ्यावा. हायड्रोमीटर असल्यास पूर्ण चार्जनंतर प्रत्येक कप्प्याची घनता मोजावी. एखाद्या कप्प्याचा आकडा इतरांपेक्षा ०.०५० ने कमी असेल, तर ती बॅटरी फार काळ साथ देणार नाही.

कोणत्या परिस्थितीत तपासणीची वाट न पाहता बॅटरी बदलावी?

कवच फुगलेले, तडकलेले किंवा ओलसर असेल, टर्मिनलचा खांब बुडाशी हलत असेल, अथवा कुजलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर बॅटरी तात्काळ वापरातून काढावी. अशा बॅटरीला चार्जर किंवा जम्पर केबल लावू नये. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॅटरी बदलतानाच अल्टरनेटरचा व्होल्टेजही मोजून घ्यावा, नाहीतर त्याच दोषामुळे नवी बॅटरीही फुगेल.

नवी बॅटरी घेताना काय पाहावे?

गाडीच्या पुस्तिकेत दिलेली अँपिअर-तास क्षमता, मोजमापे आणि धन टर्मिनल डाव्या बाजूला आहे की उजव्या, या गोष्टी जुळल्या पाहिजेत. टर्मिनलची बाजू उलटी असेल तर केबल ताणली जाते किंवा पोहोचतच नाही. थोडी जास्त क्षमतेची बॅटरी ट्रेमध्ये नीट बसत आणि आवळली जात असेल तर चालते, कमी क्षमतेची घेऊ नये. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत मूळची बॅटरी ईएफबी किंवा एजीएम या अधिक ताण सोसणाऱ्या प्रकारची असेल, तर पैसे वाचवण्यासाठी साधी बॅटरी बसवू नये. दिवसातून अनेकदा इंजीन सुरू करण्याचा ताण साधी बॅटरी फार काळ सोसत नाही.

उत्पादनाची तारीख विचारून घ्यावी, कारण दुकानाच्या फळीवर सहा महिने पडून राहिलेल्या बॅटरीचे आयुष्य तेथेच कमी झालेले असते. वॉरंटीत किती महिने बॅटरी मोफत बदलून मिळेल आणि किती महिने केवळ ठरावीक टक्के सवलत मिळेल, हे वेगवेगळे विचारावे, आणि कार्डावर गाडीचा क्रमांक, विक्रीची तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकान सोडू नये.

बॅटरी स्वतः बदलता येते का?

साध्या गाडीत येते. हातातील अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे. काढताना आधी ऋण आणि मग धन, बसवताना आधी धन आणि शेवटी ऋण, हा क्रम पाळावा. गाडीचा सांगाडा ऋण टर्मिनलला जोडलेला असतो, त्यामुळे ऋण जोडलेले असताना धन टर्मिनलवरील पाना सांगाड्याला टेकला तर थेट शॉर्टसर्किट होते. ऋण क्लॅम्पवर सेन्सर असलेल्या काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते. तशा गाड्या सर्व्हिस सेंटरला नेणे योग्य.

इलेक्ट्रिक गाडीतही ही काळजी घ्यावी लागते का?

होय. मोठ्या बॅटरीखेरीज या गाड्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि तीच कुलपे, डिस्प्ले आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच चालवते. ती उतरली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. येथे सेल्फ संथ होण्याचे लक्षण मिळत नसल्यामुळे नियमित तपासणी अधिकच आवश्यक ठरते.

जुन्या बॅटरीचे काय करावे?

नवी घेताना ती त्याच दुकानात परत द्यावी. बिलातून तिची किंमत वजा होते. तिच्यातील शिसे पुन्हा वापरता येते, परंतु उघड्यावर शिसे वितळवणाऱ्यांच्या हाती पडल्यास तेच माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, शरीरात जाऊन मेंदूवर परिणाम करते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रीकरण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि ग्राहकाने त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता अधिकृत साखळीत पोहोचवायच्या आहेत. दुकानापर्यंत नेताना बॅटरी उभीच ठेवावी, टर्मिनलवर जाड कापड किंवा टेप गुंडाळावी, आणि वजन हलके करण्यासाठी आतील आम्ल गटारात किंवा जमिनीवर ओतून देऊ नये.